खालून पाहिलेल्या शाळा

बर्नाडेटने फ्रिजवर तक्ता लावलाय.
तीन शाळा, सात रकाने, हिरवा, पिवळा, तांबडा.
लेकक्रेस्ट : दहापैकी आठ.
हॅरो स्ट्रीट : पाच.
ईस्ट फ्लॅट्स : तीन.
कॉरिन सप्टेंबरात सहावीत जाईल,
म्हणून बहीण मला विचारते,
"तू तर तिन्ही आतून पाहिल्यास."

आतून नाही, बाई. खालून.
एकोणीस वर्षं मी एरी शहरातल्या
सरकारी शाळांचे बॉयलर बघतो.

लेकक्रेस्टचं तळघर धुतल्या ताटासारखं.
दोन बॉयलर : एक चालतो, दुसरा त्याची काळजी वाहतो.
पडद्यावर बोट ठेवलं की आकडे निमूट खाली येतात.
वर मुलं निळ्या पट्टीवरून चालतात,
इतकी शांत, की मला माझ्या किल्ल्यांची लाज वाटते.
एकदा तिथे जिन्याखाली एक मुलगा बसला होता,
हातात ब्याण्णव मार्कांचा कागद,
घरी दाखवायचा कसा, म्हणून.
हे मी बर्नाडेटला सांगितलं.
ती तेव्हा कांदा परतत होती.

हॅरो स्ट्रीटचं मला काही आठवत नाही.
तक्रार नाही ही. जिथे काही मोडत नाही
तिथे माझी आठवण थांबत नाही.
बँड बरा आहे म्हणतात.

ईस्ट फ्लॅट्स.
घरोघरी मातीच्या चुली, म्हणून इथे सुटता येत नाही;
या चुलीला गॅस लागतो आणि शिव्याही.
बॉयलर माझ्या बापाहून दोनच वर्षांनी लहान.
सुटे भाग मिळत नाहीत, मी घरी लेथवर कातून आणतो.
जानेवारीत सरोवरावरून बर्फ आडवा येतो
आणि दुसऱ्या मजल्यावर मुलं कोट घालून अपूर्णांक शिकतात,
शिकवायला कोणी असलं तर.
गेल्या वर्षी नाताळपर्यंत गणिताला बाई नव्हत्या.
संडासाच्या एका दाराला कडी नाही,
ती मागून मागून मी थकलो.
हे सगळं खरं आहे. तीन म्हणजे तीन.

पण तिथे मिस अडेयेमी विज्ञान शिकवतात.
एकदा भर तासाला पाइप ठणाठणा वाजू लागले,
वर्ग हसला, त्या हसल्या नाहीत.
सव्वीस मुलं घेऊन तळघरात उतरल्या,
काँगोहून आलेली, भूतानच्या नेपाळ्यांची, आमच्या गल्लीतली,
आणि म्हणाल्या, "यांना विचारा."
मला.
शाळेत ज्याला कधी कोणी काही विचारलं नव्हतं,
आणि शाळा हीच होती.
मी सांगितलं : वाफ गार होते, पाणी होतं,
पाणी वाटेत साचतं, मागून वाफ येते, ढकलते,
मग ते लोखंडावर डोकं आपटतं.
एका मुलीने वहीत उतरवून घेतलं :
डोकं आपटतं.

बर्नाडेट म्हणते, गोष्टी नकोत, एक नाव सांग.
तिचं बरोबर आहे. तिला एकच मुलगी.
आणि हद्द आमच्या कोपऱ्यावरूनच जाते :
पलीकडे आठ, अलीकडे तीन,
मधे टायरचं दुकान
आणि भाड्यातले महिन्याला साडेतीनशे डॉलर.
जादा पाळ्यांचा हिशेब तिने केलाय,
तक्त्याच्या पाठीमागे, पेन्सिलीने.

मी म्हणालो, लेकक्रेस्ट.
म्हणालो, आणि गरम सूप घाईने प्यायलो.

कॉरिन इतका वेळ गप्प होती.
"मामा, तू कुठल्या शाळेत जास्त जातोस?"
"जी जास्त मोडते तिथे."
तिने पट्टी न घेता आठवा रकाना आखला,
ईस्ट फ्लॅट्सपुढे लिहिलं :
मामा, आठवड्यातून दोनदा.

बर्नाडेट तिन्ही रंगांचे खडू हातात धरून
बराच वेळ फ्रिजसमोर उभी होती.